चौदा मिनिटांचा उपदेश

भरल्या प्रार्थनाघरात मी एका सत्तरीच्या बाईला सांगितलं की देव तिला कधीही माफ करणार नाही. तसं सांगायचा माझा इरादा नव्हता. मी बोलतो आहे ते तिच्याबद्दलच आहे, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण यातलं काहीच मला वाचवत नाही. बोललो तो मीच.

मी विमा एजंट. तलासरीला राहतो आणि अच्छाडपासून उधव्यापर्यंत स्कूटरवर फिरून लोकांना त्यांच्या मरणाची आठवण करून देतो. धंद्याची रीत साधी आहे. माणसाला आधी जरा घाबरवायचं आणि चेहरा पडला की हळूच फॉर्म पुढे सरकवायचा. नुसतंच घाबरवून फॉर्म न देता घरी जाणारा एजंट मी कधी पाहिला नव्हता. त्या रविवारी पाहिला.

उधव्याच्या अलीकडे एका पाड्यावर आमची ख्रिस्ती मंडळी जमते. पन्नासेक माणसं, पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या चटया, दाराशी चपलांचा ढीग. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, वयाने माझ्याहून लहान आणि बाकी सगळ्यात मोठे. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना दोन-अडीच महिने गावी राहावं लागलं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो; त्याला डहाणूहून दुसरे पाळक यायचे ठरले. उरलेले रविवार आम्ही मंडळींनी वाटून घेतले. त्यांतला पहिलाच माझ्या वाट्याला आला.

बोलायला मला कधीच भीती वाटली नाही. काय बोलावं याचा विचार मात्र मी शनिवारी दुपारी, अच्छाडच्या एका धाब्यावर, ट्रकवाल्यांच्या गर्दीत चहा पिताना सुरू केला. मोबाइलवर एक उपदेश सापडला. विषय होता : ज्याला क्षमा नाही असं एखादं पाप आहे का? मी ताठ बसलो. शुभवर्तमानात अशी एक जागा आहे हे माहीत होतं. बाकी सगळ्या पापांना क्षमा आहे, पण पवित्र आत्म्याच्या कामाला सैतानाचं काम म्हणणाऱ्याला नाही, अशा अर्थाची. आमचे पाळक त्या जागेवर फारसं बोलत नसत. मला वाटलं, बरं झालं, आपल्यासाठी ठेवलीय.

व्हिडिओ अर्ध्या तासाचा होता. मी चौदा मिनिटं पाहिला आणि बंद केला. नेटवर्कचं निमित्त सांगता आलं असतं, पण तिथे गुजरातचा टॉवर लागतो आणि सिग्नलच्या दांड्या सगळ्या होत्या. लोकांना हलवून सोडण्यापुरता माल मिळाला होता, इतकंच.

रविवारी मी हलवून सोडलं. आवाज चढवला, उतरवला, मधे थांबून रुमालाने कपाळ पुसलं. मग उदाहरण हवं होतं, तेही तोंडात आलं. म्हटलं, "समजा, एका घरात आजारी माणसासाठी प्रार्थना चालली आहे. लोक रडतायत, थरथरतायत, देवाचं काम डोळ्यांपुढे चाललंय. आणि दारात उभं राहून कोणी म्हणालं, हे तर भगताच्या अंगात येतं तसलंच भूत आहे! संपला तो माणूस. त्याला माफीचं दार बंद!"

चार-पाच बायकांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, असर होतोय. सायवनहून येणारा एक गृहस्थ नंतर माझा हात धरून म्हणाला, "भाऊ, आज हादरलो." आठवडाभर मी त्या वाक्यावर जगलो.

आता त्या बाईबद्दल. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. माझी बायको त्याच पाड्यावरची, म्हणून मावशी मला जावई म्हणते आणि अरे-तुरे करते. प्रभुभोजनाची भाकर तिच्या हातची. शहरात काय वापरतात मला माहीत नाही, आमच्याकडे तांदळाची भाकर असते. मावशी पहाटे उठून ती थापते, पांढऱ्या फडक्यात बांधून आणते आणि मेजावर ठेवते. बरीच वर्षं हे असंच चाललंय.

त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारीही भाकर आली. डहाणूच्या पाळकांनी ती मोडली, थाळी फिरली. मावशीपाशी आली तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि तुकडा न घेता पुढे दिली. बसलीही होती अगदी मागे, चपलांजवळ. मला वाटलं, दात दुखत असेल.

दोन दिवसांनी बायको माहेरी जाऊन आली. आल्यावर पाणी पिण्याआधी माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशीला तुम्ही काय सांगितलंत?"

"मी? काही नाही. पॉलिसीबद्दल तर एकदाच…"

"पॉलिसी नाही. मी विचारलं, मावशी, भाकर का घेतली नाहीस? तर म्हणते, मला आता चालत नाही, तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं."

"अगं, मी कुठे तिचं नाव घेतलं?"

"नाव कशाला पाहिजे? भगताच्या अंगातलं भूत कोण म्हणालं होतं?"

तेव्हा मला आठवलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मावशीची सून तापाने अंथरुणाला खिळली होती. सायवनकडची काही विश्वासी माणसं प्रार्थना करायला आली. ती रडू लागली, थरथरू लागली. मावशी तेव्हा विश्वासात नव्हती. अंगात आलेलं तिने फक्त भगताच्या पाहिलेलं. तिने झाडू उचलला आणि ओरडली की हे भूत आहे, माझ्या घरात दुसरं भूत नको. झाडूने सगळ्यांना अंगणाबाहेर घालवलं. पुढे सून बरी झाली, मावशीचा बाप्तिस्मा झाला, आणि दर वर्षी सभेत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिली की मावशी ही गोष्ट झाडू फिरवण्याच्या अभिनयासकट सांगायची. सगळ्यात मोठ्याने मी हसायचो. आणि त्या रविवारी तीच गोष्ट, कुठून आली हे विसरून, माझी कल्पना म्हणून मी तिच्यावर फेकली. मागे वळून पाहणाऱ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या.

"अजून ऐका," बायको म्हणाली. "तिने मुलाला सांगून ठेवलंय, मी मेल्यावर पाळकाला बोलावू नको. त्याला उगाच माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल."

मग मी राहिलेला व्हिडिओ पाहिला. सोळाव्या मिनिटाला, म्हणजे मी बंद केला त्याच्या पुढे दोन मिनिटांवर, तो माणूस म्हणत होता की आपल्या हातून हे पाप झालं असेल का, या भीतीने जो कासावीस होतो, त्याच्या हातून ते झालेलं नसतं. ते वचन कासावीस होणाऱ्यांसाठी नाही, ज्यांना क्षमा नकोच आहे त्यांच्यासाठी आहे. पुढची चौदा मिनिटं तो हेच समजावत होता. म्हणजे फॉर्म होता. मी तो पिशवीतून काढलाच नव्हता.

कोणीही शहाणा माणूस त्याच दुपारी स्कूटर काढून पाड्यावर गेला असता. पण तिथे जाऊन मी अर्धाच व्हिडिओ पाहिला होता असं सांगावं लागलं असतं, आणि सायवनचा तो गृहस्थ अजून हादरलेला होता. रोज सकाळी मी उद्या जायचं ठरवत होतो. पाड्यावरून जाणारा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने जायला लागलो. बायकोने बोलणं कमी केलं, भांडी जोरात ठेवायला लागली. असा महिना गेला. पुन्हा पहिला रविवार आला, पुन्हा फडक्यातली भाकर आली. मावशीने थाळी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि पुढे दिली. मी माझा तुकडा घेतला आणि खाल्ला. घशात अडकला वगैरे काही नाही. सरळ गेला. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

पाळक परत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी आशा होती. रागावले असते तर निम्मं मिटल्यासारखं वाटलं असतं.

"किती मिनिटं पाहिला होता, भाऊ?"

"चौदा."

"आणि ती त्या भाकरीवाचून किती दिवस उपाशी आहे?"

मी बोटांवर रविवार मोजायला लागलो.

"माफी नकोच म्हणणाऱ्याला माफी देता येत नाही, एवढंच आहे ते," ते म्हणाले. "मावशीला तर फक्त माफीच हवीय."

"मग तुम्ही जाऊन सांगा ना. तुमचं ऐकेल."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, पाळक दया करतायत. चूक तुमची होती हे तुमच्याच तोंडून कळू दे."

मी गेलो. मावशी अंगणात नागली पाखडत होती. सून आत चुलीशी. मावशीने वर न बघता म्हटलं, "बस, जावई. कोरा चहा घेशील ना?"

मी सोळाव्या मिनिटापासून सुरुवात केली. चांगलं बोललो, असं मला वाटलं. ती ऐकत होती, सूप हलत होतं. संपल्यावर म्हणाली, "ते ज्यांना माहीत नाय त्यांचं झालं. मला दिसत होतं."

"काय दिसत होतं?"

"त्यांची प्रार्थना चालली होती तेव्हाच सून उठून बसली. पाणी मागितलं. चार दिवस ती शुद्धीत नव्हती. मी बघितलं, आणि तरी झाडू घेतला. हे मी साक्षीत कधी सांगितलं नाय. लाज वाटायची."

हे उरलेल्या व्हिडिओत नव्हतं. एवढी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर हसलो, तिच्या आत ती एकटी हे घेऊन बसली होती, आणि मी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून नाही, दुसरं काही उरलंच नाही म्हणून मी माझं सांगितलं.

"मावशी, तू भाकर घेत नाहीस ते का, हे मला महिनाभर माहीत होतं."

सूप थांबलं. "मंग आला नायस?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली. लोक म्हणाले असते, याने अर्धवट ऐकून उपदेश केला."

"आणि मागच्या रविवारी भाकर खाल्लीस?"

"खाल्ली."

"माहीत असून?"

"माहीत असून."

"मी थापलेली?"

"हो."

तिने सुपातला एक खडा वेचून टाकला आणि म्हणाली, "चहा पी, गार होतोय. आणि हे सगळं रविवारी उभं राहून सांग. मंग बघू."

पुढच्या पहिल्या रविवारी मी उभा राहिलो. या वेळी आवाज चढवायची गरज पडली नाही, तो चढतच नव्हता. धाबा, चौदा मिनिटं, चोरलेलं उदाहरण, लांबचा रस्ता, मागच्या वेळचा तुकडा, सगळं सांगितलं. सायवनचा गृहस्थ चटईचं एक टोक उकरत बसला होता. मावशी अजून चपलांजवळच होती.

पाळकांनी भाकर मोडली. थाळी एकेक ओळ करत मागे गेली आणि मावशीच्या मांडीवर थांबली. तिने ती पुढे दिली नाही. तुकडाही घेतला नाही. पन्नास माणसं मान न वळवता तिच्याकडेच लक्ष लावून होती, मी तर सरळ वळून पाहत होतो. तिने बोटाने एक तुकडा बाजूला केला, उचलला, आणि शेजारच्या बाईला, दोघींनाही कमी ऐकू येतं म्हणून, साऱ्या प्रार्थनाघराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "याला चालतं, मंग मला का नाय चालणार? याच्याएवढी वाईट तर मी झाडू घेतला तेव्हापण नव्हते."