जंक्शनवर उतरलेलं नाव

२००३ साली उमेंद्र माझ्या इंग्रजीच्या शिकवणीच्या वर्गात आला. पस्तिशीचा माणूस. जवळच्या मुर्री गावाहून सायकलने गोंदियाला यायचा, राइस मिलमध्ये हमाली करायचा. मला वाटलं, मुलीचं नाव टाकायला आला.

"सर, इंग्रजीत भुताले काय म्हनतेत?"

"घोस्ट. काऊन?"

"लिहून द्या."

दोन वर्षांपासून त्याच्या कानाशी कोणीतरी बोलायचं. पोतं उचललं की 'टाक', जेवायला बसला की 'थुंक'. एका झाडफूकवाल्याने सांगितलं होतं, अंगात शिरलेल्या भुताला नेमक्या नावाने हाक मारली तरच ते निघेल. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, सगळी नावं घेऊन झाली होती.

"गोंदिया रेल्वेचं जंक्शन हाय सर," उमेंद्र म्हणाला, "कोन कुठून येऊन उतरलं असन."

आमच्या घरी वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून भूतखेत कोणी मानत नाही. हा आजार आहे, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा शब्द मागितला. शेवटी मी अट घातली, माझ्यासोबत नागपूरला डॉक्टरकडे यायचं, तरच शब्द देईन.

तो आला. गोळ्यांनी आवाज कमी झाला, पण हात थरथरायला लागले. दोनदा पोतं निसटलं, तेव्हा मुकादमाने त्याला घरी बसवलं. काम परत मिळावं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. काम मिळालं नाही, आवाज मात्र वाढला.

मी तरीही शब्द देत राहिलो. वाटायचं, निदान येतो तरी. स्पिरिट, डेमन, फँटम, व्हॅम्पायर. एकदा मुर्रीला गेलो, तर त्याची बायको रविता अंगणात त्याच्याकडून हेच शब्द पाठ करून घेत होती. चौथी शिकलेली बाई. 'वंपार' म्हणत होती. मला हसू आलं, पण ती हसली नाही.

"नीट सांगा सर. चुकीच्या नावानं कसं निघन ते?"

मी नीट सांगितलं. तिने चार वेळा म्हणून पाहिलं.

पुढच्या दिवाळीपर्यंत माझ्याजवळचे शब्द सरले. डिक्शनरी चाळून झाली होती.

"संपले, उमेंद्र."

"मंग याले नावच नाही," म्हणाला आणि उठला. नंतर कधी आला नाही. एखादा खोटा शब्द रचून दिला असता तर, असं मनात येतं. त्यानेही काय झालं असतं, कोणास ठाऊक.

२००६ मध्ये रविता बाजारात भेटली. तो बोलायचाच बंद झाला होता. भिंतीकडे तोंड करून बसायचा. तीच आता बिड्या वळून घर चालवत होती.

"डॉक्टरकडे पुन्हा नेऊ," मी म्हणालो.

"तो उंबऱ्याबाहेर नाही येऊन राहिला, सर. चार मानसं लावून पाहिली." जरा थांबून तिने विचारलं, "इंग्रजीत नवीन शब्द निघतेत का?"

मुर्रीचा ऑटो भरत आला होता. ती पिशवी सावरत त्यात जाऊन बसली.