मधला शब्द गाळला

मालाडच्या आमच्या ऑफिसात कोणी कोडमध्ये बदल नोंदवला, म्हणजे कमिट केला, की सगळ्यांना मेल जाते: अमक्याने तमकं केलं. परदेशातल्या हेड ऑफिसने ही मेल पाठवणारा नवा प्रोग्राम बसवला आणि पहिल्याच दिवशी माझं काम माझ्या नवऱ्याच्या नावाने झळकलं. नाव, आडनाव, दोन्ही त्याचं. ज्याला मिक्सरचा फ्यूज बदलता येत नाही, त्याने म्हणे लॉगिनची चूक दुरुस्त केली! आम्ही तीन आठवडे त्यावर हसत होतो; बाकीच्यांच्या मेल्स कोणी उघडतच नव्हतं.

मग हेड ऑफिसच्या साहेबांची मेल आली. कंत्राटावरच्या कोणाला कायम करायचं, हे ते त्या आठवड्यात ठरवणार होते, आणि कामाचा अंदाज घेत होते तो या मेल्स वाचूनच. लिहिलं होतं, तुमच्याकडच्या या गृहस्थांचं काम उत्तम आहे, त्यांना पर्मनंट करावं. सोबतच्या बाईंचं मात्र काहीच दिसलं नाही, त्यांचं कंत्राट संपवावं.

त्या बाई म्हणजे माझ्या शेजारी बसणारी इंजिनीअर. मेल वाचून तिने माझी खुर्चीच ओढली. "ताई, वाट लागली. हे गृहस्थ म्हणजे माझे पप्पा."

आता माझी ट्यूब पेटली. लग्न झालेलीचं काम नवऱ्याच्या नावे, बाकी सगळ्यांचं बापाच्या. प्रोग्राम नावं उचलायचा त्या हजेरीच्या यादीत आमची नावं दहावीच्या सर्टिफिकेटवर असतात तशी होती: आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी वडिलांचं किंवा नवऱ्याचं. प्रोग्राम लिहिणाऱ्या बिचाऱ्याला एवढंच ठाऊक, की पहिला शब्द आडनाव आणि शेवटचा शब्द माणसाचं नाव. मधला शब्द, म्हणजे आम्ही स्वतः, त्याने गाळून टाकला होता. इतक्या नेमक्या चुकीवर रागवायचं तरी कसं? मला तर त्या चुकीचं कौतुकच वाटायला लागलं.

पण साहेबांना पुरावा हवा होता. मी मूळ नोंदी उघडल्या. तिथे शेजारणीने लिहिलेली प्रत्येक ओळ तिच्याच नावावर होती, तारीख-वेळेसकट. तिने पुसलेल्या ओळीसुद्धा होत्या. आधी कोणी लिहिल्या, हिने कधी पुसल्या, सगळं. यातली एक नोंद गुपचूप बदलायची म्हटलं, तर तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींच्या खुणा बदलतात आणि चोरी उघडी पडते. इतकी वर्षं या धंद्यात आहे, हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी अंगावर काटा आला. घरात जन्मभर राबलेल्या बाईच्या कामाची कोणी ओळभर नोंद ठेवत नाही, आणि इथे दुरुस्त केलेला स्वल्पविरामही ज्याचा त्याच्या नावे जपून ठेवलेला.

नोंदी पाठवल्या. तासाभरात साहेबांनी माफी मागितली आणि तिला कायम केलं. प्रोग्राममध्ये दुरुस्ती एका ओळीची होती, ती मी करायला घेतली. माझी शेजारीण मात्र प्रिंटरकडे धावली आणि साहेबांची पहिली मेल छापून आणली.

"अगं, ती कशाला? त्यात तुला काढायला सांगितलंय."

"पप्पा गिरणीत बदली कामगार होते ना, ताई. कोणी रजेवर असला तर काम, नाहीतर गेटवरून परत. आज या खात्यात, उद्या त्या. संप झाला, गिरणी बंद पडली, पण पर्मनंट काही झाले नाहीत."

तिने तिथूनच मुलुंडला घरी फोन लावला. "पप्पा, मोठ्या साहेबांनी लिहून पाठवलंय. तुमचं काम उत्तम आहे, तुम्हाला पर्मनंट करा म्हणून."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून म्हाताऱ्याचा हलका मालवणी आवाज आला.

"खंयच्या खात्यात गो?"