डाव्या बाजूचं पायदान
टायरच्या दुकानावरून जाताना रबराचा वास आला की ती दुपार आठवते. आमची जीप खाचरांच्या वाटेवर चिखलात रुतायची. कोळवणच्या एका फार्महाऊसवाल्याने काढून टाकलेले मोठे टायर मला स्वस्तात मिळाले, पण स्टिअरिंग वळवलं की ते दाराखालच्या पायदानाला घासायचे. "गाडी उंच करून घ्यायची तर खर्च लई हाय. पायदान काढून टाकू," मिस्त्री म्हणाला. मी हो म्हणालो. घरी वडिलांनी रिवाजाप्रमाणे चारी टायरांखाली लिंबं ठेवली आणि नेहमीसारखे पुढे माझ्या शेजारी बसायला आले. त्यांचा गुडघा तेवढा वर जाईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी दारावरचा हात काढला. "तू आण फिरवून. मी हितंच हाय." "परत लावून घेतो पायदान," मी म्हणालो आणि गाडी लिंबांवरून पुढे काढली. त्यानंतर दवाखान्यातसुद्धा ते शेजाऱ्याच्या रिक्षेतून गेले. आता ते नाहीत. जीप कुठेच रुतत नाही. पायदान गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं आहे, आणि त्याच्या मधोमध त्यांच्या चपलेएवढा रंग उडालेला आहे.