तारप्याकडे फिरवलेली पाठ

आमच्या बैठकीच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं की त्याचा सेल बायको बदलते. मी हात लावत नाही. ते मला बक्षीस मिळालेलं आहे आणि त्याच्याकडे बघायची मला लाज वाटते.

मी डहाणू रोडला बुकिंग क्लार्क होतो, राहायला मसोलीत. वसईच्या एका बॅण्डवाल्याची जुनी क्लॅरिनेट माझ्याकडे आली होती. शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून सिनेमाची गाणी ऐकून ऐकून वाजवायचो. बरी वाजवायचो. मुंबईच्या एका मित्राने जाझची एक परदेशी कॅसेट दिली. तिच्यात तिघंच, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. ना ठरलेली चाल ना ठेका, कोण कुठे चाललंय पत्ता नाही. टेपरेकॉर्डर बिघडला असं समजून मी त्याचं हेड स्पिरिटने पुसलं. तरी तेच.

स्टेशनवर तलासरीकडच्या पाड्यावरचा एक वारली पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, होता. त्याने ती कॅसेट ऐकली आणि म्हणाला, "आमचा मामा असाच वाजवते." मी हसलो. तरी भातकापणी झाल्यावर एका रविवारी त्याच्याबरोबर गेलो.

मामा म्हणजे साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. हातात तारपा, म्हणजे वाळका दुधी, खाली बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. फुंक मध्ये तुटतच नव्हती. खळ्यात त्यांच्याभोवती माणसं हातात हात गुंफून नाचत होती आणि मामा मनात येईल तेव्हा चाल बदलत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली.

"भाऊ, तारपा वाजतो तवर त्याला पाठ नाय दावायची."

नाच संपल्यावर मामांनी मला क्लॅरिनेट काढायची खूण केली. भाच्याने, म्हणजे आमच्या पॉइंट्समनने, ढोल घेतला. मी विचारलं, "कुठलं गाणं?" मामा नुसते हसले आणि फुंकायला लागले. मी चाचपडत मागे गेलो. मी चुकलो की ढोल ती चूक उचलून पुढे न्यायचा आणि मग ती चूक राहायचीच नाही. अर्ध्या तासाने मला ती कॅसेट कळली. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो, आनंदाने. तीन हिवाळे मी रविवारी तिथे जात राहिलो. तेवढं चांगलं मी पुन्हा कधी वाजवलं नाही.

मग आमच्या रेल्वेच्या लोकांचं वार्षिक संमेलन आलं. मी हौसेने तिघांची नावं दिली. मामा नको म्हणत होते. "तिथं नाचंल कोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ऐकतील." ते धुतलेला शर्ट घालून, तारपा मांडीवर सांभाळत एसटीने आले.

पाच मिनिटं बरी गेली. मग पुढच्या खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. मोठे साहेब पत्नीच्या कानाला लागले, ती तोंडावर पदर घेऊन हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, सूर लावून झाले की सांगा!" हॉलभर हशा. माझे कान तापले. मामा डोळे मिटून वाजवत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि मी वळलो. तारपा वाजत असताना त्याच्याकडे पाठ करून माईकसमोर गेलो आणि हसत म्हणालो, "ही आपली जंगलातली गंमत झाली. आता खरं वाजवतो."

त्या वर्षी सगळीकडे वाजणारं एक सिनेमाचं गाणं मी धरलं. ढोल क्षणभर थांबला, मग त्याने ठेका दिला. समोर साहेब बसलेले, बिचारा पॉइंट्समन दुसरं काय करणार? तारपा कधी थांबला ते मला कळलंही नाही. टाळ्या इतक्या पडल्या की मी आणखी एक गाणं वाजवलं. घड्याळ मिळालं. ते घेऊन खाली आलो तेव्हा मामा शेवटच्या एसटीसाठी निघून गेले होते.

भाचा स्टेशनवर पूर्वीसारखाच कामाला यायचा. त्याला मामांबद्दल विचारायची माझी हिंमत नव्हती. पुढची भातकापणी झाल्यावर मात्र राहवेना. माफी कशी मागायची ते वाटेत मनाशी घोकत पाड्यावर गेलो. मामांनी खाट टाकली, कोरा चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. राग कुठेच दिसेना. माफी मागायची राहूनच गेली. वाटलं, वाजवू, वाजवताना आपोआप मिटेल. मी क्लॅरिनेट जोडली. भाचाही घरी होता, त्याने ढोल ओढला. मामांनी तारपा तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला.

"सायेब," ते अगदी अदबीने म्हणाले, "कोनचा गाना वाजवू?"

तीन वर्षांत त्यांनी मला हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी मान खाली घालून एका गाण्याचं नाव सांगितलं.