दंडाची सोंगटी

चार वर्षांपूर्वीची ऋषिपंचमी. कळंबला आमच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेचा उपांत्य सामना. पहिलं बक्षीस रुपये पाच हजार एक. बोर्डाच्या एका बाजूला पिठाच्या चक्कीवाले मामा, समोर फुलसावंगीचा सुनील, पंच म्हणून मंडळाचे अध्यक्ष आणि गुण लिहायला मी, मंडळाचा खजिनदार. भोवती खुर्च्या कमी पडतील इतकी माणसं.

मामांना गाव फाउलमामा म्हणायचं. पंचांच्या आधी स्वतःचा फाउल स्वतः सांगणारा दुसरा खेळाडू मी पाहिला नाही. करंगळीचं नख सोंगटीला निसटतं लागलं तरी पिठानं पांढरा झालेला त्यांचा हात वर जायचा. पंच म्हणायचे, आम्हाला दिसलं नाही. मामा म्हणायचे, "मले दिसलं."

दुसऱ्याचाही ते सोडत नसत. एकदा पंच म्हणून बसले असताना त्यांनी सख्ख्या साळ्याचा फाउल धरला आणि तो पहिल्याच फेरीत गेला. मामींनी आठवडाभर बोलणं टाकलं. मामांचं म्हणणं, चक्की चालू असली की तसंही काही ऐकू येत नाही.

सुनील पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेम कॉलेजात होता. हात विलक्षण. पण ऐन जिंकायच्या डावात शर्टाच्या बाहीचं बटण एका काळ्या सोंगटीला लागलं. पंच मामाच होते. त्यानं घेतलेली एक सोंगटी दंड म्हणून बोर्डावर परत आली, पाळी गेली, सामनाही गेला. पोरगा रडकुंडीला आला. "एवढ्याशा बाहीनं काय होते, मामा?"

"सोंगटी हालली ना बापा. फाउल मंजे शिवी नोहे."

तोवर फुलसावंगीकडची गाडी निघून गेली होती. मामा त्याला घरी घेऊन गेले, जेवू घातलं आणि सकाळी गाडीत बसवताना त्याच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडून दिल्या. तेव्हापासून तो तशाच बाह्यांनी खेळतो. दर गणपतीत उतरायचा तो मामांच्याच घरी.

पुढे मामांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वजनकाट्यावर पीठ सांडायला लागलं, मग चहा अर्धाच कप द्यावा लागे. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे थांबणार नाही, फार तर हळू होईल. चक्की विकली. कॅरम तेवढा राहिला. इतक्या वर्षांत मामा उपांत्य फेरीच्या पुढे कधी गेले नव्हते, आणि अंतिम सामना एकदा खेळायचाच, हे ते सगळ्यांना सांगत.

म्हणून त्या ऋषिपंचमीच्या उपांत्य सामन्याआधी मंडळानं आपसांत ठरवलं की थरथरीमुळे सोंगटी हलली तर मामांचा फाउल धरायचा नाही. सुनीलनं आनंदानं होकार दिला. मामांना विचारायला नको का, असं मी म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, विचारलं तर ते नाहीच म्हणतील.

सामना सुरू झाला. मामांचं बोट लागून एक काळी हलली. त्यांनी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, चालू द्या. मामा म्हणाले, मले दिसलं. अध्यक्ष म्हणाले, चालू द्या. पुढच्या खेपेला सुनीलनंच हललेली सोंगटी हसत जागेवर सरकवली. मामा पुढे जात राहिले. शेवटच्या डावात त्यांची एकच पांढरी उरली. त्यांनी स्ट्रायकर मारला आणि सोंगटी भोकात पडायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या.

मामांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. मग सुनीलकडे. "काहून सोडून राह्यला तू मले?"

"मामा, हातामुळं होते ते. तुमी काय मुद्दाम करता?"

"तुही बाही कोणती मुद्दाम लागलती?"

सुनीलनं आपल्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं.

"मी तुले खेळाडू समजून फाउल देल्ला होता. तू मले आज काय समजला?"

त्यांनी रुमालानं हाताची पावडर पुसायचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा हात तसाच खिशात घातला. मला म्हणाले, "लिहा भाऊ, मी सामना सोडला." मी लिहिलं.

सुनील अंतिम सामना जिंकला. पाच हजार एक मी त्याच्या हातात दिले. ते मामांच्या औषधपाण्याला द्यायला तो त्यांच्या घरी गेला. मामा दारातच म्हणाले, जो जिंकला त्याचे पैसे. त्यानंतर तो स्पर्धेला आला नाही. मामांच्या घरीही नाही.

आता मामांना मामी भरवतात. बोलणं पुसट झालं आहे. मी रविवारी जातो, कॉटशेजारी बोर्ड मांडतो आणि दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. पांढऱ्या त्यांच्या, काळ्या माझ्या. गेल्या दिवाळीपर्यंत माझं काही चुकलं की त्यांच्या तोंडून एक शब्द स्वच्छ यायचा, "फाउल." त्या दिवशी मामी चहात साखर जास्त घालायच्या.

परवा माझी बाही लागून सोंगटी हलली. मी हात तसाच ठेवून थांबलो. मामा बोर्डाकडेच पाहत होते. मामीही पदर हातात धरून दारात थांबल्या. मामा काही बोलले नाहीत.

मी माझी एक काळी दंड म्हणून भोकातून काढली. नियमानं ती समोरच्यानं बोर्डावर ठेवायची असते. मी ती मामांच्या तळहातावर ठेवली, त्यांची बोटं मिटवली, आणि तो हात धरून सोंगटी मधल्या वर्तुळात सोडली.