पाहुण्या बाईंची ड्युटी

काम टाळणारी माणसं मी आयुष्यात पोत्याने पाहिली आहेत आणि त्यांची यादी करायला बसलो तर पहिलं नाव माझंच लिहावं लागेल. पण काम मिळत नाही म्हणून कासावीस झालेलं माणूस मी एकच पाहिलं. हे माणूस साठी ओलांडलेलं होतं, पावणेसहा फूट उंच होतं, आपल्या उन्हाने लालबुंद झालेलं होतं, आणि थेट इंग्लंडहून आमच्या कुळगावच्या मराठी शाळेत वर्षभर विनावेतन इंग्रजी शिकवायला आलं होतं. ऐंशी साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा त्या शाळेत भूगोल शिकवत होतो, म्हणजे नकाशा टांगून मुलांना तो उतरवून घ्यायला सांगत होतो आणि स्वतः खिडकीतून बाहेर बघत होतो. शाळेत त्यांना सगळे ‘पाहुण्या बाई’ म्हणत. बाईंचा जो काही छळ झाला तो या एका शब्दापायी झाला.

संस्थेने त्यांची सोय अंबरनाथला एका फॅक्टरी ऑफिसरच्या बंगल्यात केली होती. तिथला नोकर त्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः उचलू देईना, म्हणून आठव्या दिवशी त्यांनी बंगला सोडला आणि उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात एका सिंधी कुटुंबाकडे खोली घेतली. लोकांनी कपाळावर हात मारला. बाईंचं म्हणणं असं की, ती सिंधी काकू पहाटे उठवून आपल्या हातात लाटणं देते आणि सात वाजेपर्यंत पापड लाटून घेते, भारतात आपल्याला काम देणारी ती पहिली व्यक्ती आहे. पापड लाटून झाले की बाई एका जुन्या, दांडीच्या पुरुषी सायकलवर बसून अंबरनाथ एमआयडीसीवरून शाळेला निघत. फर्स्ट शिफ्टचे कामगार रिक्षातून बाहेर लोंबकळत त्यांना हात करायचे आणि बाई दोन्ही हात सोडून त्यांना उत्तर द्यायच्या. मराठी त्या शिकल्या त्या कॅम्पातल्या बाजारात, त्यामुळे आमच्या मुख्याध्यापकांना त्या एके दिवशी सिंधी थाटात ‘नमस्ते साईं’ म्हणाल्या. मुख्याध्यापक देशस्थ, कडक आणि टोपीवाले. त्यांना ते आवडलं, पण तसं दाखवता येईना.

मुख्याध्यापकांची अडचण वेगळीच होती. पाहुण्याला कामाला लावायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. इतक्या लांबून आलेली, वयाने मोठी बाई आठवी ब सारख्या वर्गात पाठवणं त्यांना माणुसकीला धरून वाटत नव्हतं, आणि आठवी ब ज्यांनी पाहिली आहे ते त्यांना दोष देणार नाहीत. त्यांनी आपल्या ऑफिसात, ढालींच्या कपाटाशेजारी, बाईंसाठी गादीची खुर्ची ठेवली. बाई रोज वेळेवर येत, खडूचा डबा हातात घेऊन ‘कोणता वर्ग?’ असं विचारत, आणि मुख्याध्यापक उठून उभे राहून आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढत, ‘यू प्लीज सिट.’ मग चहा येई. कोणी तपासनीस किंवा नगरसेवक आला की त्याला ढाली दाखवत आणि ओघाने बाई दाखवत. पहिल्या तीन महिन्यांत त्यांचे इतके सत्कार झाले की त्यांच्याकडे अकरा शाली जमल्या. शाल अंगावरून काढली तर देणाऱ्याचा अपमान होतो अशी त्यांची समजूत झाली होती. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात ही बाई शाल पांघरून सायकल मारत येताना दिसे आणि मागून शाळेची मुलं पळत येत. एकदा त्यांनी शिपायाची मनधरणी करून घंटा वाजवायचं काम मिळवलं. पण त्यांनी ती घड्याळाप्रमाणे वाजवली. मधली सुट्टी आमच्याकडे पंधरा मिनिटांची असली तरी शिक्षकांचा चहा संपेपर्यंत चालायची, ही परंपरा त्यांना कोणी सांगितली नव्हती. स्टाफरूममध्ये असा हाहाकार उडाला की मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन त्यांच्या हातून घंटेची हातोडी काढून घेतली आणि त्यांना हाताला धरून खुर्चीवर आणून बसवलं.

डिसेंबरात नववीची सहल निघाली, रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई, चार दिवसांची. प्रासंगिक करारावर एसटी ठरली, मुलामुलींची नावं आली, आणि निघायच्या आदल्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या बाईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मुलींबरोबर बाई शिक्षिका हवीच, नाहीतर मुलींची सहल रद्द. मुख्याध्यापकांनी पाहुण्या बाईंकडे पाहिलं, ढालींच्या कपाटाकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडून मला बाजूला घेतलं. म्हणाले, त्या नुसत्या कागदावर आहेत, असं समजा. काम तुम्ही करायचं. त्यांना खरचटलंसुद्धा, तर मला तोंड दाखवू नका.

सहलीची कामं वाटून घ्यायची आमची एक पद्धत होती. एकाने शिट्टी आणि मोजदाद सांभाळायची, एकाने मुक्कामाच्या शाळा आणि जेवण, आणि सगळ्यात नावडतं काम म्हणजे ओकारीची ड्युटी. लिंबं, आमसुलं, जुने पेपर आणि रेतीचा डबा घेऊन मागच्या सीटवर बसायचं. शिट्टी आणि ओकारी दोन्ही आम्ही पीटीच्या सरांच्या गळ्यात मारली. बाई वही उघडून बसल्या होत्या. ‘माझी ड्युटी?’ त्यांनी विचारलं. मी जरा विचार केल्यासारखं करून ‘निरीक्षण’ असं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पहिले दोन दिवस सत्कारांतच गेले. बाई सहलीसाठी खास साडी नेसून आल्या होत्या आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरने त्यांच्यासाठी उशी ठेवली होती. महाडच्या डेपोत कंट्रोलरने चहा पाजला, मुक्कामाच्या शाळेत हेडमास्तरांनी नारळ दिला, रसवंतीवाल्यानेही नारळ दिला. हे नारळ गाडीत सीटखालून पुढेमागे गडगडत असायचे आणि ब्रेक लागला की एखादा पीटीच्या सरांच्या घोट्यावर आदळायचा. अशाच एका नारळाने सरांचा घोटा सुजला. रायगडाच्या पायथ्याशी मी मुख्याध्यापकांचा हुकूम आठवून बाईंसाठी डोली ठरवली होती. बाईंनी डोलीकडे पाहिलं, चार डोलीवाल्यांकडे पाहिलं, लंगडणाऱ्या पीटीच्या सरांकडे पाहिलं, आणि सरांना काही कळायच्या आत डोलीत बसवून टाकलं. रोज मुलांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणारा तो माणूस डोलीतून रायगड चढला. मुलांनी दोन्ही बाजूंनी मुजरा करत त्यांना वर नेलं. बाई त्यांची शिट्टी गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे होत्या.

मला वाटलं होतं, गडावर पोचल्यावर त्या खूश असतील. पण बाजारपेठेच्या जोत्यावर त्या एकट्याच बसल्या होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्या हसल्या, आणि आपल्या त्या कॅम्पातल्या मराठीत म्हणाल्या, “सर, मी तिकडे एकतीस वर्ष शिकवलं. मग घरी सगळे म्हणाले, बस आता. म्हणून मी इकडे आले. इकडे पण तुम्ही म्हणता, बसा.”

मी आपलं, तुमचा मान ठेवतो आम्ही, असं काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, ते मला माहीत आहे, तुम्ही लोक फार चांगले आहात, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. मग अगदी सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं की, सहलीहून गेल्यावर तिकीट बदलून घेणार आहे, नाताळानंतर लगेच परत जाणार. सहा महिने आधी. मी मुलांना गोळा करायची वेळ झाली म्हणून उठलो, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. त्यांना बसवून ठेवण्यात माझाही हात होता, आणि तो केवळ आळसाचा नव्हता. पाहुण्याला शिकवायला दिलं की पाहुणा कसा शिकवतो ते सगळ्यांना कळतं आणि मग आपण कसं शिकवतो तेही कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलादपूर सोडलं आणि गाडी आंबेनळी घाटात शिरली. निघताना मुलांनी बटाटेवडे खाल्ले होते, हे मी पाहिलं होतं आणि कानाडोळा केला होता. पहिल्या चार वळणांवर गाणी चालू होती. पाचव्या वळणावर गाणी थांबली. सहाव्या वळणावर ओकारीच्या ड्युटीवरचे पीटीचे सर स्वतःच खिडकीबाहेर झुकले, आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. मी धीर द्यायला उठलो, दोन पावलं चाललो आणि जुन्या पेपरचा गठ्ठा उराशी धरून जिथल्या तिथे बसलो.

तेव्हा पुढच्या उशीवरून बाई उठल्या. त्यांच्या हातात ती वही होती. दोन दिवस त्यांनी खरोखरच निरीक्षण केलं होतं. कोणी किती वडे खाल्ले, कोण खिडकीसाठी भांडतो, कोणाला गाडी लागते पण तो सांगत नाही, सगळं त्यात लिहिलेलं होतं. त्यांनी नावं वाचून मुलं उचलून पुढे आणली, पुढची मागे पाठवली, खिडक्यांच्या जागा बदलल्या, प्रत्येकाच्या गालात आमसूल कोंबलं. ज्याचा नंबर आला त्याचं कपाळ आपल्या तळव्याने धरायचं आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळायची, हे त्या मुलींकडे पाहून एका मिनिटात शिकल्या. बाकीच्यांना समोरच्या डोंगराच्या टोकाकडे बघत एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायला लावलं. एकोणतीसचा पाढा म्हणताना माणसाला दुसरं काही सुचत नाही, ओकारीसुद्धा. एसटीचा ड्रायव्हर कोणासाठी मध्येच थांबत नसतो, पण त्याच्या खांद्यावर बाईंच्या उन्हाच्या छत्रीची मूठ टेकली की तो निमूट गाडी बाजूला घेत होता. माझाही नंबर लागला. माझं कपाळ धरून झाल्यावर मी तोंड पुसत उठायला लागलो. म्हटलं, बाई, आता बघतो मी. त्यांनी मला खांदा दाबून खाली बसवलं आणि मुख्याध्यापकांच्याच आवाजात म्हणाल्या, “यू प्लीज सिट.”

प्रतापगडाच्या पायथ्याशी गाडी थांबली. गोरी बाई येणार ही बातमी आमच्या पुढे कशी पोचायची कोण जाणे, पण तिथला हॉटेलवाला हार घेऊन तयार होता. बाई तेव्हा नळाखाली गाडीतली रबरी पायपुसणी धूत होत्या. पदर खोचलेला, केसांत आमसुलाचं पाणी, आणि चार मुली त्यांच्या हातावर बादली ओतत होत्या. हॉटेलवाल्याने त्यांना ओळखलंच नाही. त्याने एका मुलीला विचारलं, तुमच्यातल्या त्या पाहुण्या कुठे आहेत? ती पोरगी कुळगावच्या एका शेतकऱ्याची. तिने वरही न बघता सांगितलं, “पाव्हणं कोण नाय ओ आमच्यात. ह्या बाई हायत, ह्या सर हायत. हार कोनाला घालताव?” हार शेवटी पीटीच्या सरांना घातला. बाईंनी ती पायपुसणी इतका वेळ घासली की ड्रायव्हरला शेवटी नळ बंद करावा लागला. त्यांनी पाठ फिरवली होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही.

परत आल्यावर मुख्याध्यापक फाटकात उभेच होते. बाईंची साडी पाहून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी बदली दिसायला लागली. मी सगळं सांगितलं, रायगडावरचंही सांगितलं. ते टोपी काढून हातात फिरवायला लागले आणि म्हणाले, पण पाहुण्यांना कामाला कसं लावायचं हो? दुसऱ्या दिवशी कोणीतरी गैरहजर होतं. गैरहजर शिक्षकाचा वर्ग कोणी सांभाळायचा हे एका वहीत लिहून ती वही शिपाई फिरवायचा, ज्याचं नाव येईल तो कपाळाला आठ्या घालून सही करायचा. ही वही भरायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी डोळे मिटून आठवी ब समोर बाईंचं नाव लिहिलं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि पूर्ण नावानिशी सही केली.

मग काय, त्यांचं तिकीट बदलायचं राहिलं आणि आमची चंगळ झाली. लग्नसराईत आम्ही धडाधड रजा टाकल्या, बाई दिवसाला चार-चार बदलीचे तास घ्यायच्या. आठवी ब इंग्रजीत भांडायला शिकली. मार्चात एकदा सायकल पंक्चर होऊन बाईंना वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा मुख्याध्यापक त्यांना सगळ्यांसमोर चक्क ओरडले, वेळेवर येता येत नाही का म्हणून. ओरडल्यावर ते स्वतःच पांढरेफटक पडले. बाईंनी मान खाली घालून ‘सॉरी साईं’ म्हटलं, पण संध्याकाळपर्यंत त्यांनी ही बातमी स्टाफरूमपासून पाच नंबर कॅम्पापर्यंत सगळ्यांना आनंदाने सांगितली होती. कॅम्पातली काकू मात्र चिडली. ती दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना जाब विचारायला शाळेत आली, आणि पापडाचं पाकीट देऊन गेली.

वार्षिक परीक्षा झाल्या, पेपर तपासून झाले, आणि बाई त्यांच्या देशी गेल्या. निरोप द्यायला गेलेल्यांत मी नव्हतो. मला असली कामं जमत नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात दोघे गैरहजर होते. मी घाईघाईत वही भरली आणि शिपायाने ती फिरवली. अर्धा तास गेल्यावर माझ्या लक्षात आलं की नववी बमधून आवाज येत नाही. म्हणजे कालपरवाची आठवी ब, आणि वर्गात कोणी नसताना शांत. मी धावतच गेलो. सगळी मुलं वह्या उघडून, सरळ बसली होती. शिपाई वही घेऊन गेला तेव्हा दारातल्या मुलाने त्यातलं नाव वाचलं होतं.

“सर,” तो म्हणाला, “बाई परत आल्यात ना?”

“नाही,” मी म्हणालो. “सवयीने लिहिलं माझ्या हातून.”

वह्या कोणी मिटल्या नाहीत. मला त्या क्षणी बाईंची इतकी आठवण आली की खडू उचलावा, म्हणजे निदान फळ्याकडे तोंड तरी करता येईल, असं झालं. मी बदलीच्या तासांची वही मागवून घेतली. त्यांचं नाव खोडलं नाही. त्याच्या खाली माझी सही केली, आणि उरलेला तास घेतला.