मिस्त्रीनं सोडलेली दारू

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी तो त्यावर उलटा हात ठेवायचा. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते, तसा. मग म्हणायचा, "अंग तापलंय राव. दमानं घ्या, उतरू द्या." गाडीवाला घाईत असला तर त्याचंच डोकं तापायचं. पण मिस्त्री काही पान्याला हात लावायचा नाही.

नाव सांगत नाही. त्याची लेक सासरी सुखानं नांदते आहे, तिला त्रास नको. तसंही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. नारायणगावच्या बाहेर, नाशिक रस्त्याला त्याचं गॅरेज आणि माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान एकाच पत्र्याखाली होतं. मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा. माझी जीभ तिखट, गिऱ्हाईक माझ्याशी भांडून त्याच्याकडे चहा प्यायला जायचं.

अडलेला ट्रक सुरू झाला की ड्रायव्हर खूश होऊन बाटली पुढं करायचे. ट्रकवाल्यांची ती रीतच. हा लगेच हात जोडायचा. "पंचशील घेतलंय भाऊ. चहा पाजा." त्याच्या वडिलांनी बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. मी पडद्याआडून ओरडायचो, "अरे मिस्त्री, तुला नको तर नको, माझी कशाला बुडवतो?" तो नुसता हसायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला पिंपरी पेंढारच्या एका द्राक्षबागायतदाराच्या पोराला शर्यतीचं वेड लागलं. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. त्यानं लिलावातली पेट्रोल जीप घेतली आणि भंगारातल्या एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर तिला बसवून घेतला. म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप. जास्त हवा, जास्त ताकद. पण कोंबलेली हवा तापते, आणि घाटघरच्या चढाला लागलं की इंजिन आतून हातोडी मारल्यासारखं ठोकायला लागायचं.

मिस्त्री दोन दिवस त्या जीपपुढं उकिडवा बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हिला तहान लागलीय." काच धुवायच्या पाण्याची छोटी मोटर त्यानं घेतली आणि तिला द्राक्षावर औषध मारायच्या पंपाचं नोझल जोडलं. इंजिन ओढ घ्यायला लागलं की आत जाणाऱ्या हवेत पाण्याचा बारीक फवारा उडायचा. हवा गार, इंजिन शांत. घाटघरचा चढ जीप अशी चढली की शेठनं वर पोचल्यावर मिस्त्रीला खांद्यावर घेतलं. खाली शेठचे वडील मात्र नोझल शोधत फिरत होते. "माझ्या बागंवर डावणीचा रोग पडला, आन् हे औषधाचं नोझल लावून जीपला पानी पाजत्यात!" म्हाताऱ्यानं आमच्या दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

शेठला कुणीतरी सांगितलं, शर्यतीच्या गाड्यांत पाण्यात मिथेनॉल मिसळतात, मग इंजिन आणखी गार राहतं. त्यानं पुण्याहून पिंप आणलं. पिंपातून कॅनमध्ये काढायचं काम मिस्त्रीचं. आता आमच्या धंद्यात डिझेल काढायची एकच पद्धत. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, गाल आत ओढायचे आणि ओठाला लागायच्या आत नळी खाली सोडायची. जन्मात त्याच्या तोंडात डिझेलचा थेंब गेला नव्हता, त्याची त्याला ऐट होती. पण डिझेल जड, सावकाश येतं. हे पाण्यासारखं पातळ, सर्रकन आलं आणि घोटभर पोटात गेलं.

"थुंक, थुंक!" मी ओरडलो. त्यानं चुळा भरल्या, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हसला. "गेलं की आत. इंजिन गार झालं बघ." आम्हाला वाटलं, स्पिरिट आहे, जरा जळजळेल. मिसळलं, शेठला दिलं, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखतंय म्हणाला, तरी कामाला आला.

दुपारी म्हणाला, "भाऊ, आज धुकं लई पडलंय रं."

भर उन्हाळा होता. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. मी त्याची टिंगल करायला पडदा सारला, तर तो जमिनीवर हातानं चाचपत पाना शोधत होता. पाना त्याच्या गुडघ्यापाशीच होता.

शेठला बोलावून त्याच जीपमधून त्याला मंचरच्या दवाखान्यात नेलं, त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सोबत. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पुण्याला हलवायचंच आहे, पण आधी पोटात साधी दारू गेली पाहिजे, ती या विषाला अडवून धरते. कुणीतरी पळत जाऊन आणा.

"दारू न्हाई घ्यायाची मी," मिस्त्री म्हणाला. दिसत नव्हतं, तरी मान हलवत होता.

वहिनींनी त्याचा हात धरला. "अवो, औषध हाय. शील कुटं मोडतंय त्यानं? माझ्यासाठी घ्या." तेव्हा तो प्यायला. एरंडेल पाजलेल्या पोरासारखं तोंड केलं होतं त्यानं.

जीव वाचला. डोळे गेले. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं.

ती बाटली मी आणली होती. दुकानात आमच्या नारायणगावचा एक जण उभा होता. मी त्याला घाईघाईत सगळं सांगितलं. त्यानं गावात येऊन अर्धंच सांगितलं. झालं! मिस्त्री चोरून स्पिरिट पीत होता म्हणे, आणि दवाखान्यातही त्याला बाटली लागली म्हणे. मी किती जणांशी भांडलो! वर ऐकायला मिळायचं, "असू दे भाऊ, तुझा दोस्त हाय तो." ज्यांच्या बाटल्या त्यानं हात जोडून परत केल्या, तेही मान डोलवायचे. मेल्यांनो, त्यानं नाकारलेली बाटली तुमच्याच हातात होती की!

लोकांना वाटतं, डोळे गेले की कान तल्लख होतात. कसलं काय. शेठनं एकदा जीप आणून त्याला आवाज ऐकवला. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवून दुखणं सांगितलं, ते चुकलं. पुन्हा तो कुठल्या गाडीपाशी गेला नाही. माझ्या दुकानात खुर्चीवर बसायचा आणि बॅटऱ्यांतल्या पाण्याचा बुडबुड आवाज ऐकायचा.

काही वर्षांनी लेकीसाठी अवसरी बुद्रुकचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, निर्व्यसनी, घर चांगलं. पोरीच्याही मनात भरलेला. याआधी दोन स्थळं चौकशी करून गुपचूप परत गेली होती, म्हणून मिस्त्रीनं मला बोलावून घेतलं. "तू व्हतास तितं. तू सांग."

मी सगळं सांगितलं. नळी कशी धरतात तेही हातानं दाखवलं. मुलाच्या चुलत्यानं शांतपणे ऐकलं. माणूस भला होता, हेच वाईट. म्हणाला, "बराबर हाय भाऊ तुमचं. दोस्तासाठी बोलावंच लागतं." मग मिस्त्रीकडे वळून अगदी मायेनं म्हणाला, "पावणं, झालं गेलं सोडा. आमी येवढंच इचारतो, आता सोडलीय न्हवं?"

आत कपबशांचा आवाज थांबला.

मिस्त्रीनं मांडीवरचा टॉवेल नीट केला. "सोडली," म्हणाला.

"कायमची?"

"कायमची."

"मग आमचं काय म्हननं न्हाई. तोंड गोड करा."

पाहुणे गेल्यावर मी त्याच्यावर आग पाखडली. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरगी हसतीय का रं?" मी आत पाहिलं. हसत होती. मला रडू फुटलं, ते त्याला दिसलं नाही.

लग्न झालं, नातू झाला, आणि एका हिवाळ्यात मिस्त्री गेला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. तो चुलता बोलायला उठला. "मानूस चुकतो. पन ह्या मानसानं दारू सोडली ती सोडलीच, मरंपातूर शिवला न्हाई. पोरांनी ह्यातनं शिकावं." माना डोलल्या. मी ताडकन उठलो.

पुढं बसलेल्या वहिनींनी मागं वळून पाहिलं. शेजारी लेक, तिच्या मांडीवर पोर, पलीकडे जावई.

"बसा भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या.

मी बसलो.